बारीक अंगाला चिलखत

भाच्याची छाती ३२ आणि भाड्याचं पत्र्याचं चिलखत खांद्यावरून घसरतंय, असं तुम्ही लिहिलंय. शिवजयंतीच्या मिरवणुकीला पत्रा नकोच, काखेत फार काचतो. ५ मिमीचा ईव्हीए फोम, म्हणजे हलका, रबरासारखा मऊ तक्ता घ्या. गरम करून कळशीवर दाबून धरला की छातीचा बाक छान येतो. आत जाड बंडी घाला. खऱ्या चिलखताखालीही कापूस भरलेलं वस्त्र असायचंच. वर शेला घट्ट आवळा.

याहून स्वस्त हवंय? १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी चिलखत अंगरख्याखाली घातलं होतं. तसंच करा. राखाडी लोकरीच्या जाड विणीवर चंदेरी रंग कोरड्या ब्रशने फिरवा, म्हणजे ती कड्यांच्या चिलखतासारखी दिसेल, आणि फक्त गळा-मनगटाशी दिसू द्या. अंगरख्याने अंगही भरलेलं दिसतं.