मदत हवी आहे: पहिल्या पावसात धरणाचं मॉडेल चुकतंय

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रबंध सांगे भागातल्या पिण्याच्या पाण्याच्या एका जलाशयावर आहे. मोजमापं माझ्या एकटीची नाहीत, म्हणून जलाशयाचं नाव देत नाही.

विषय घरातूनच आला. मे महिना लागला की नळाच्या पाण्याने पांढऱ्या कपड्यांवर काळपट डाग पडतात, आणि आई टाकीच्या तळाचा काळा बुळबुळीत लेप नारळाच्या सोडणाने घासून काढते. ते मँगनीज. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, तळाशी हवा पोचत नाही, तिथला ऑक्सिजन संपतो आणि गाळातलं लोह-मँगनीज विरघळायला लागतं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. कोणत्या खोलीचं पाणी उचलावं हे आठवडाभर आधी सांगता आलं तर शुद्धीकरणाचं काम कितीतरी हलकं होईल. मला तेवढंच साधायचं आहे.

मॉडेल जीएलएम (जनरल लेक मॉडेल), तलावाचं संगणकी मॉडेल, एकाच मितीचं, म्हणजे फक्त खोलीप्रमाणे होणारा बदल दाखवणारं. हवामान ईआरए५ या जगभराच्या हवामानाच्या तयार आकड्यांमधून घेतलंय. एप्रिल-मेचं तापमान छान जुळतं, पृष्ठभागाला ३१ अंश, तळाला २६. पण जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मॉडेल तीन दिवसांत सगळं पाणी तळापर्यंत घुसळून टाकतं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. आम्ही होडीतून बाटली सोडली तर ९ मीटरवर लालभडक गार पाणी, आणि त्याखालचं स्वच्छ दिसणारं, पण कुजक्या अंड्यासारख्या वासाचं. ती बाटली उघडी ठेवली तर दुपारपर्यंत तांबूस झाली.

जलाशयात येणाऱ्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) पाण्याचं तापमान मोजलेलं नाही, हवेचंच घातलंय. चूक तिथे आहे, की वाऱ्यात? पाणी किती खोल उजेड सोडतं तो आकडाही वर्षभर एकच ठेवलाय. कोणी आपल्याकडच्या पावसाळी धरणावर हे केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी वारा बघा. ईआरए५ मध्ये साधारण ३० किलोमीटरच्या चौकोनाला एकच वारा मिळतो, तुमची डोंगराआडची दरी त्याला दिसतच नाही. वाऱ्याची घुसळण्याची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, वेग ०.८ पट केला तरी ती निम्म्यावर येते. पण वर्षभर एकच गुणक लावू नका, नाहीतर जुळलेला एप्रिल बिघडेल. हवामानाच्या फाइलमध्येच पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याला वेगळा गुणक द्या.

दुसरं, गाळाचं वजन. २८ अंशांच्या आसपास एका अंशाने घनता घनमीटरला जवळपास ०.३ किलो बदलते. लिटरला १ ग्रॅम माती असली तर ०.६ किलोने वाढते, म्हणजे दोन अंश गार झाल्यासारखंच. तुमचं लाल पाणी म्हणूनच ९ मीटरला जाऊन बसलं. मॉडेलला फक्त तापमान आणि क्षार कळतात, तेव्हा मातीचं वजन क्षार म्हणून घालून बघा.

व्हाळाचं तापमान मात्र मोजाच. झाडीखालून आलेलं पाणी हवेइतकं गरम नसतं.

धागाकर्ती

खूप आभार! पश्चिमेचा वारा ०.७ पट करून आत्ताच चालवलं, तळ आता हलत नाही. पण लाल थर मॉडेलमध्ये ५ मीटरलाच येतोय. रविवारी व्हाळात तापमानाचा लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) बांधून येते, पुलाखाली, जिथे बाया कपडे धुतात तिथे, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही.

एक शंका राहिली. क्षार खाली बसत नाहीत, माती बसते. आठ-दहा दिवसांनी तो थर निवळेल तेव्हा मॉडेलमध्ये जड पाणी तसंच अडकून राहील. त्याला काय करायचं?