आमदार दीड कोटीच्या गाडीत फिरतात, प्रतिज्ञापत्रात वाहन 'निरंक'. कसं काय?

पारावरचा_गण्या:
आमच्याकडचे आमदार (नाव घेत नाही, मला गावात राहायचंय) ज्या गाडीतून उतरतात ती दीड कोटीच्या खाली येत नाही. निवडणूक अर्जाचं प्रतिज्ञापत्र काढलं तर वाहन निरंक. एकूण संपत्ती आमच्या कापड दुकानदाराएवढी. कोणी जाणकार सांगेल का?

वहीखाते:
सीए आहे, दर निवडणुकीला काही उमेदवारांचा नमुना 26, म्हणजे हेच प्रतिज्ञापत्र, भरून देतो. गाडी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर त्या रकान्यात येतच नाही. रकाना कोराही सोडता येत नाही, 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तसं बजावलंय. म्हणून 'निरंक'.

पण गाडीवर अडकू नका, खरी गंमत शेअरमध्ये. फॉर्मातच सूचना आहे: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर बाजारभावाने दाखवा, बाकीच्यांचे हिशेबवहीप्रमाणे. लाखभर भांडवलावर काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेडकडे आज शहरात प्लॉट असला, तरी कागदावर ती बापुडवाणी दिसू शकते. याच्या उलट घाटकोपर पूर्वचे आमदार पराग शहा. 2019 ला साधारण 500 कोटी, 2024 ला 3383 कोटी. लोकांनी डोळे पांढरे केले, पण त्यातलं बरंचसं शेअरचं मूल्य. भाव चढला, आकडा फुगला.

आणि घाई! अर्जाच्या आदल्या रात्री साहेबांचा पीए फोन करतो, "वहिनींचं सोनं किती तोळे लिहू?" वजन आणि किंमत दोन्ही लिहावी लागते. वहिनींना तोवर कोणी विचारलेलंच नसतं.

तिखट_मीठ:
म्हणजे हेलिकॉप्टरसुद्धा संस्थेचंच म्हणायचं. खोटं लिहिलं तर काय होतं हो?

वहीखाते:
लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 125अ. जास्तीत जास्त सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण संस्थेची गाडी न दाखवणं हे खोटं ठरत नाही, मेख तिथेच आहे.

पारावरचा_गण्या:
बरं, मग ते नटांचे आणि क्रिकेटवाल्यांचे 'नेटवर्थ' आकडे? दोन साइटवर दोन उत्तरं.

वहीखाते:
त्यांना जाहीर करायची सक्तीच नाही, त्यामुळे बहुतेक अंदाजपंचे. ऋषभ पंतला 2025 च्या आयपीएलसाठी 27 कोटींची बोली लागली, हे पक्कं. पण ती एका हंगामाची रक्कम, आणि त्यातून कर जायचा. साइटवाले तिला सरळ संपत्तीत मिळवतात. नट निवडणुकीला उभा राहिला की मात्र कपाट उघडतं. कंगना राणावतने 2024 ला मंडीतून अर्ज भरला तेव्हा 6.7 किलो सोनं आणि एलआयसीच्या 50 पॉलिसी दिसल्या. पन्नास! एजंटाने गावजेवण घातलं असेल.

पारावरचा_गण्या:
आयोगाच्या साइटवरून साहेबांचे 2019 आणि 2024 चे दोन्ही अर्ज उतरवले. 'दिलेली कर्जे' यात पुतण्याच्या फर्मला 80 लाख नव्याने आलेत. गाडी तिथूनच का?

वहीखाते:
आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघा. आणि इथे लिहू नका, तुम्हीच म्हणालात, गावात राहायचंय.