झिंक ऑक्साइडने सगळ्या पेशी मेल्या, आईचं सनस्क्रीन फेकायचं का?

नाळवाली: एमएससीचं प्रोजेक्ट चालूय, नाळेच्या शिरेतल्या अस्तराच्या पेशी वाढवतेय (ह्युवेक). झिंक ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण) 50 मायक्रोग्रॅम पर मिली टाकले आणि दुसऱ्या दिवशी बघते तर फरशीसारख्या घट्ट बसलेल्या पेशी गोल होऊन नुसत्या तरंगतायत. आयर्न ऑक्साइडच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मात्र सगळं ठणठणीत. घरी बोलले तर आई म्हणते माझ्या सनस्क्रीनमध्ये पण झिंकच आहे ना गं. रिझल्ट खरा की माझा घोळ?

मीडियाबदलू: झिंकचा खरा असू शकतो. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात महाधमनीच्या पेशींवर हेच केलं होतं, झिंक ऑक्साइडने 50 ला पेशी मेल्या, यट्रियम ऑक्साइडने सूज आणणारी जीन्स चढली, आयर्न ऑक्साइडने काहीच नाही. म्हणजे नॅनो आहे म्हणून विषारी असं नसतं, कशाचा कण आहे ते बघायचं. झिंक विरघळतं आणि आयन सुटतात, म्हणून तुलनेसाठी शेजारी झिंक क्लोराइडचा कंट्रोल लाव, त्यात नुसते आयन असतात, कण नाहीत. आणि कण तळाला बसतात बरं का, पेशींच्या अंगावर नक्की किती पडलं ते 50 या आकड्यावरून कळत नाही.

जुना_पीएचडी: आईंना म्हणावं खुशाल लावा, धडधाकट कातडीतून कण रक्तापर्यंत जवळपास जातच नाहीत. काळजी श्वासाची. एडिंबरोच्या 2017 च्या अभ्यासात माणसांना सोन्याचे नॅनोकण हुंगवले, 15 मिनिटांत काहींच्या रक्तात सापडले आणि 3 महिन्यांनंतरही लघवीत होते. आणि पेशी जिवंत म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, टायटॅनियम डायऑक्साइडने पेशी न मरता दोन पेशींमधले सांधे सुटतात, अस्तर गळायला लागतं, 2013 ला सिंगापूरवाल्यांनी दाखवलंय. एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या कवचातलं विष) तपासलंस का? या पेशी त्याला फार लगेच बिचकतात.

नाळवाली: नाही 🙈 पण दोन्ही सस्पेन्शन (कण मिसळलेलं पाणी) 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने गाळून घेतले होते, स्टराइल म्हणून.

मीडियाबदलू: अगं बाई! त्याने जंतू अडतात, एंडोटॉक्सिन आरामात पार होतं. आणि गुठळ्या झालेले कण फिल्टरवरच अडकतात. आयर्नचा फिल्टर कसा दिसत होता?

नाळवाली: …चहाच्या गाळणीसारखा तपकिरी. आणि खाली आलेलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं, मला वाटलं किती छान गाळलं. उद्या परत प्लेट लावते.