नॅशनल आणि डोब्रो: फरक कवचाचा नव्हे, शंकूचा

नॅशनल आणि डोब्रो या तारांचा आवाज आतल्या धातूच्या शंकूने वाढवणाऱ्या (रेझोनेटर) गिटारी. ‘डोब्रो म्हणजे लाकडी कवचाची नॅशनल गिटार’ असे म्हटले जाते, त्यात थोडी भर घालतो. दोन्हींच्या मुळाशी लॉस एंजेलिसमधला स्लोव्हाक वंशाचा कारागीर जॉन डोपेरा आहे. विद्युत गिटार येण्यापूर्वी वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे, म्हणून जॉर्ज बीचम या वादकाने त्याच्याकडे मोठ्या आवाजाचे वाद्य मागितले आणि त्यातून १९२७ मध्ये ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू असलेली नॅशनल कंपनीची ट्रायकोन गिटार आली. पुढे मतभेद होऊन डोपेरा बाहेर पडला आणि त्याने भावांसह डोब्रो ही कंपनी काढली. हे नाव ‘डोपेरा ब्रदर्स’वरून घडवलेले असले तरी स्लोव्हाक भाषेत त्याचा अर्थ ‘चांगले’ असाही होतो.

खरा फरक शंकूत आहे. नॅशनलच्या एकशंकू गिटारमध्ये शंकूचे टोक वर असून त्यावरील लाकडी चकतीवर घोडी (तारा टेकतात तो आधार) बसते, तर डोब्रोत शंकू वाडग्यासारखा उताणा असतो आणि तारांची कंपने आठ पायांच्या कोळ्यासारख्या धातूच्या सांगाड्यातून त्याच्या कडेपर्यंत पोहोचतात. माझ्या कानांना डोब्रोचा स्वर म्हणूनच अधिक रेंगाळणारा वाटतो.