डोंगरातल्या छोट्या गावात कायमचं राहायला जायचंय, घर निवडताना काय बघू?

सायली_र
नमस्कार मंडळी, आमचं दोघांचंही काम आता पूर्ण घरून चालतं, म्हणून डोंगरातल्या एका छोट्या गावात कायमचं राहायला जायचं जवळजवळ ठरलंय. उंची १८०० मीटरच्या आसपास. उतरत्या छपरांची घरं, एकच बाजाररस्ता, सकाळी दारात ढग, आम्ही खरंच प्रेमात पडलोय. सोबत सासूबाई येणार, सत्तरी ओलांडलीये आणि बीपीची गोळी चालू आहे. दोन घरं आवडलीत, एक खाली नदीकाठी बाजाराला लागून आणि दुसरं वर उतारावर, तिथून दरी अशी दिसते की बघतच राहावं. सुट्टीला जाणं वेगळं आणि संसार थाटणं वेगळं हे कळतंय, पण नक्की काय वेगळं ते तिथे राहणाऱ्यांकडून ऐकायचंय.

डोंगरवाट
व्ह्यू नंतर, आधी ऊन बघा. थंडीच्या दिवसात घरावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता डोंगराआड जातं हे तिथे उभं राहून बघाच. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उताराला हिवाळ्यात भरपूर ऊन मिळतं, उत्तरेकडच्या उतारावर काही घरांना दिवसचे दिवस मिळत नाही, मग भिंती ओल धरतात, कपाटात बुरशी, कपडे वाळत नाहीत, हे सगळं रोजचं होऊन बसतं. आणि रात्री थंड हवा जड म्हणून उतारावरून घसरत खाली साठते, त्यामुळे नदीकाठचं घर बहुतेक वेळा उतारावरच्या घरापेक्षा जास्त गार असतं, शिवाय चुलींचा, शेकोट्यांचा धूरही तिथेच अडकून राहतो. उंचावर गारठा जास्त हे खरं, दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश तापमान उतरतं, पण एका गावातल्या गावात रात्रीचं गणित असं उलटं होतं. मला विचाराल तर मधला उतार.

खडकमाती
वरच्याशी सहमत, पण उतारावरचं घर घेण्याआधी एक बघा, ते डोंगर कापून केलेल्या पक्क्या जागेवर उभंय की पुढे माती टाकून केलेल्या भरावावर. बरेचदा अर्धं इकडे अर्धं तिकडे असतं, मग भरावाची बाजू हळूहळू बसते आणि भिंतीला तिरक्या भेगा जातात. घरामागच्या संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का बघा, नसतील तर पावसात मागची माती पाणी पिऊन फुगते आणि सगळा रेटा भिंतीवर येतो. वरच्या उतारावर बुंध्यापाशी वाकलेली झाडं, कललेले खांब, जमिनीत नव्या भेगा दिसल्या तर तो उतार सरकत असू शकतो, कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. नदीकाठच्या घराला जुनी पुररेषा विचारा, डोंगरी नदी तासाभरात चढते. पाणी झऱ्याचं असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी जाऊन बघा, पावसाळ्यानंतर सगळेच झरे वाहतात.

निशा_ताई
सासूबाईंबद्दल लिहिते, कारण माझे आईवडील असेच आमच्यासोबत आलेत. १८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८०% असतो, सुरुवातीला जिना चढताना धाप लागणं नॉर्मल आहे. विरळ हवेचा त्रास शक्यतो २५०० मीटरच्या वर सुरू होतो, तरी बीपी आहे तर जायच्या आधी डॉक्टरांशी बोला आणि गेल्यावर घरी नियमित मोजा. पण माझ्या मते उंचीपेक्षा रस्ता महत्त्वाचा. हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकला जिथे खरंच उपचार होतात ते हॉस्पिटल किती लांब, हे किलोमीटरमध्ये नका विचारू, भर पावसात रात्री किती वेळ लागतो ते विचारा, आणि तो रस्ता बंद पडला तर दुसरा आहे का तेही. घराच्या दारापर्यंत गाडी जाते का? शंभर पायऱ्या चढून जायचं घर तुम्हाला मस्त वाटेल पण त्या हळूहळू बाहेर पडणंच बंद करतील, हे मी फार जवळून बघितलंय. बाकी पाणी तिथे ९४ अंशालाच उकळतं, कुकरशिवाय काही शिजत नाही लवकर 🙂

एकांत_नको
घराबद्दल सगळं आलंच, मी माणसांबद्दल सांगतो. सीझनला रस्ता गच्च, पार्किंगवरून भांडणं, आणि सीझन संपला की निम्मी दुकानं बंद, संध्याकाळी सातला सगळं चिडीचूप. त्या काळातच तुमची खरी ओळख होते लोकांशी, कारण लाईट गेली, नळ आटला, झाड पडलं की शेजारीच धावून येतात. वाचनालय, भजनी मंडळ, रस्तासफाई, जे असेल त्यात पहिल्यापासून जा. गिऱ्हाईक म्हणून वागलात तर गिऱ्हाईकच राहाल. नेट दोन वेगळ्या कंपन्यांचं घ्या आणि बॅटरी बॅकअप ठेवा, तुमची नोकरी त्यावर आहे.

सायली_र
खूप खूप आभार सगळ्यांचे. नदीकाठचं घर मनातून काढलं. उतारावरच्या घराच्या मालकांना विचारलं तर आधी भाड्याने द्यायला तयार आहेत, म्हणजे पावसाळा आणि हिवाळा दोन्ही काढून मगच खरेदीचं बघू. दारापर्यंत गाडी जाते, पायऱ्या नाहीत. मागच्या भिंतीला भोकं आहेत पण त्यातली काही मातीने बुजलेली दिसतात फोटोत, ती मोकळी करता येतात का?

खडकमाती
येतात, गज घालून साफ करायची आणि पावसाळ्याआधी दरवर्षी करायची. पण पुन्हापुन्हा बुजत असतील तर मागची माती वाहून येतेय, मग राहायला जाण्याआधी इंजिनियरला दाखवा.