शोनातले लागोपाठचे उच्च सूर एक की अनेक? मदत हवी आहे

बांटू (आफ्रिकेतला एक भाषासमूह) भाषांमधल्या सुरांचा, म्हणजे अक्षरांच्या उच्च-निम्न स्वरपातळीचा, अभ्यास करतेय आणि मेउसेनच्या नियमापाशी (लागोपाठच्या दोन उच्च सुरांपैकी दुसरा निम्न होतो) अडकलेय. शोना या झिम्बाब्वेतल्या बांटू भाषेत 'होवे' (मासा) या शब्दावर उच्च-उच्च सूर आहेत. आधी उच्च सुराचं 'ने-' (सह) लागलं की दोन्ही अक्षरं निम्न होतात. 'म्बुंदुद्झी' (लष्करी अळ्या) मध्ये तर तिन्ही एकदम पडतात. 'बेन्झीब्वुन्झा' (उच्च-उच्च-निम्न-उच्च) मध्ये मात्र पहिली दोनच पडतात, शेवटचा उच्च शाबूत.

पुस्तकी स्पष्टीकरण माहीत आहे: लागोपाठच्या अक्षरांवर पसरलेला सूर मुळात एकच, म्हणून तो खाली आला की सगळी अक्षरं येतात. पण सूर एकच आहे हे ठरवलंय याच नियमावरून! हे मला चक्राकार वाटतं.

प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुराची उंची मोजून पाहिली, 'होवे'च्या दोन अक्षरांत पायरी दिसत नाही. पण तेवढ्यावरून काय सिद्ध होणार? किशांबा या टांझानियातल्या बांटू भाषेत हा फरक थेट ऐकू येतो: 'न्योका' (साप) सपाट, तर 'न्गोतो' (मेंढी) मध्ये दोन उच्चांच्या मधे पायरी उतरते, म्हणजे तिथे दोन वेगळे सूर. शोनासाठी असं काही हाताशी नाही.

शोना बोलणारं कुणी ओळखीचं नाही. फक्त ध्वनिमुद्रणं आणि सूरचिन्हांसह शब्दयादी आहे. त्यामुळे 'भाषकाला विचारा' हा (एरवी रास्त) सल्ला नको.

मेउसेनचा नियम पूर्ण बाजूला ठेवून, शोनाच्या एकाच धातूतले लागोपाठचे उच्च म्हणजे एकच सूर आहे हे दाखवणारा दुसरा पुरावा कोणता?