सेकंड हँड वॉल्थर जीएसपी घेतली: पहिले अनुभव, आणि मिसफायरचं काय करू?

पन्हाळवारा (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

शेवटी स्वतःचं .22 पिस्तूल हातात आलं. वॉल्थर या जर्मन कंपनीचं जीएसपी, सेकंड हँड. पुण्यातल्या एका ज्येष्ठ नेमबाजांचं होतं. डोळ्यांमुळे त्यांना फोरसाइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी) नीट दिसेनाशी झाली, म्हणून त्यांनी ते द्यायचं ठरवलं. माणूस इतका नेटका, की विक्रीआधी प्रशासनाला लेखी कळवलं, कायद्यातले 45 दिवस पूर्ण होऊ दिले आणि मगच व्यवहार केला. माझ्या लायसन्सवर नंबर चढलाय, पोलीस ठाण्यात पिस्तूल दाखवूनही झालं. कागदपत्रांबद्दल इथे आधी बरंच लिहिलं गेलंय, म्हणून ते सोडून मुद्द्यावर येते.

मी आजवर 10 मीटर एअर पिस्तूलच खेळत आले. .22 मारली ती क्लबच्या पिस्तुलावर, तीही पाळीपाळीने. त्यामुळे तुलना करायला माझ्याकडे फार काही नाही, पण जे जाणवलं ते सांगते.

जीएसपी देखणं नाही. चौकोनी, ठोकळेबाज, आणि मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे. पण हात लांब केला की असं का बनवलंय ते उमगतं. वजन पुढच्या बाजूला राहतं, त्यामुळे नळी डुलत नाही. शिवाय नळी मुठीच्या अगदी लगत असल्याने झटका वर उसळत नाही, सरळ मनगटातून कोपराकडे येतो. क्लबच्या पिस्तुलात प्रत्येक शॉटनंतर फोरसाइट शोधावी लागायची. इथे ती बॅकसाइटच्या (मागच्या नेमखुणेच्या) खाचेत जवळपास आपसूक परत येते. स्टँडर्ड पिस्तूल या 25 मीटरच्या प्रकारात शेवटच्या टप्प्यात 10 सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात, तिथे हे फार मोलाचं आहे. पहिल्यांदाच पाचवी गोळी घाईत न उडवता मारता आली.

ट्रिगरवर तर मी खूश आहे. दोन टप्पे आहेत. पहिला मऊ, मग बोटाला अडसर लागतो, आणि तिथे टेकून दाब वाढवत गेलं की वाळकी काडी मोडावी तसा सुटतो. घसरण नाही, चिकटणं नाही. एअर पिस्तूलच्या 500 ग्रॅमची सवय असलेल्या बोटाला 1000 ग्रॅम जड जातील असं वाटलं होतं. पण ट्रिगर स्वच्छ असेल तर वजन जाणवत नाही. नळी उभी धरून वजन टांगून पाहिलं, 1000 ग्रॅम व्यवस्थित उचलतंय.

मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे. आधीच्या मालकांचा पंजा माझ्यापेक्षा बराच मोठा. अंगठा टेकतो तिथे घामाने लाकूड काळं पडलंय, तळव्याच्या फुगीर भागावर त्यांनी फिलर (लाकूड भरायचा लगदा) लावून पुन्हा कानसलेलं दिसतं. माझी करंगळी मात्र पोकळीत राहते, आणि थकलेल्या हाताने मारलेले शॉट सात वाजण्याच्या दिशेला जातात.

आता अडचण. अधूनमधून ट्रिगर सुटतो, नुसता 'टक्' आवाज होतो आणि गोळी फुटत नाही, म्हणजेच मिसफायर. नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबते, मग गोळी काढते. केसच्या (गोळीच्या पितळी नळकांड्याच्या) कडेवर फायरिंग पिनची खूण असते, पण उथळ. तीच गोळी पुन्हा घातली की बहुतेक वेळा सुटते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या वापरून पाहिल्या, फरक नाही. हॅमरची स्प्रिंग थकली असेल का? माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, दिवाळीला येताना स्प्रिंगचा सेट आणि फायरिंग पिन घेऊन येतो म्हणतोय.

आणि एक कुतूहल. उजव्या अंगाला गरुडाखाली 'एन', शेजारी हरणाच्या शिंगासारखी खूण आणि 'केसी' अशी दोन अक्षरं आहेत. कोणाला अर्थ माहीत आहे का?

रेंजवरची मुलं म्हणतात, मॅडम, हे विका आणि पार्डिनी (दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल) घ्या. मला नाही विकायचं. पण माझा हट्ट चुकीच्या जागी असेल तर तेही सांगा.

---

आर्मरर_काका (पुणे)

ताई, अभिनंदन. चांगलं हत्यार चांगल्या हातात गेलं.

स्प्रिंगला हात लावण्याआधी चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा) बघा. तुम्ही लिहिलंय की तीच गोळी दुसऱ्या वेळी सुटते. निदान यातच आहे. .22 मध्ये स्फोटक मसाला केसच्या कडेत असतो. ती कड चेंबरच्या काठावर घट्ट टेकलेली असेल तरच पिनचा घाव तिला चेपतो. चेंबरमध्ये मेण, शिसं आणि काजळीचं कडं साचलं असेल, तर गोळी शेवटचा केसभर आत जात नाही. मग पहिल्या घावाची ताकद गोळीला आत ढकलण्यात जाते, खूण उथळ पडते. दुसऱ्या वेळी गोळी बसलेली असते, म्हणून फुटते. स्प्रिंग खरोखर मेली असती तर दुसऱ्या घावालाही तुमच्या बऱ्याच गोळ्या तशाच राहिल्या असत्या.

खात्री करायची तर रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढून एक गोळी नुसत्या बोटाने चेंबरमध्ये सोडा. कड काठाला टेकेपर्यंत अलगद गेली पाहिजे. शेवटी अडली आणि अंगठ्याने दाबावी लागली, तर चोर सापडला.

साफसफाई अशी करा. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री, मॅगझिन बाजूला. सॉल्व्हंट लावलेला ब्राँझचा ब्रश चेंबरमध्ये घालून हाताने गोल फिरवा. थोडा वेळ मुरू द्या, पुन्हा फिरवा. मग पॅच (कापडाचा तुकडा) मागून पुढे, चेंबरकडून नळीच्या तोंडाकडे. तोंडाकडून सळई घालू नका, तिथली कड झिजली की ग्रुप (गोळ्या एकाच जागी पडणं) गेला. नळी रोज घासायची गरज नाही, पण चेंबर आणि बोल्टचं तोंड दर वेळी पुसायचं. एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली साचलेला काळा गाळ टूथपिकने काढा, तो कोणी काढत नाही.

बोल्ट मागे येऊन जिथे आदळतो तिथला बफर तपासा. तो ठिसूळ झाला असेल तर धक्का थेट धातूवर बसतो आणि मग खर्च मोठा. दोन्ही मॅगझिनवर रंगाने 1 आणि 2 लिहा. अडकण्याचा त्रास झालाच तर दोष कोणत्या मॅगझिनच्या ओठांत आहे ते लगेच कळेल.

आणि मावसभावाला आजच फोन करा. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रच आहेत. बॅगेत फायरिंग पिन घालून विमानतळावर उतरला तर तो पोरगा विनाकारण अडचणीत येईल. सुटे भाग परवानाधारक विक्रेत्याकडून मागवा आणि काम परवाना असलेल्या आर्मररकडूनच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडूनच) करून घ्या. गल्लीतल्या लेथवर स्प्रिंग कापून घेणारे महाभाग मी पाहिलेत, त्या वाटेला जाऊ नका.

---

नेकारकाठचा (श्टुटगार्ट)

खुणांचं मी सांगतो. माझं क्लब इथलंच आहे आणि ऊल्म इथून जवळ.

शिंगाची खूण म्हणजे ऊल्मच्या सरकारी चाचणीगृहाचा शिक्का. वॉल्थरचा कारखाना त्याच गावात. गरुडाखालचा 'एन' म्हणजे धूरविरहित दारूच्या जास्त दाबाच्या गोळीने चाचणी झाली आणि शस्त्र उत्तीर्ण झालं. दोन अक्षरं म्हणजे वर्ष: ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, असं करत आय म्हणजे 8. जे वगळतात आणि के म्हणजे 9. तर केसी म्हणजे 92. तुमचं पिस्तूल 1992 सालचं. जीएसपी बाजारात आलं 1968 साली, म्हणजे तोवर या मॉडेलला पंचवीसेक वर्षं झाली होती.

आमच्या क्लबात आजही नव्या माणसाच्या हातात पहिलं जीएसपीच देतात. त्यांतली काही तुमच्या पिस्तुलापेक्षाही जुनी आहेत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी चालतात. ट्रिगरची यंत्रणा अख्खी एका तुकड्यात बाहेर येते, ती काढून फुंकर मारून पाहा, तिथेही कचरा साठतो. आतले स्क्रू मात्र छेडू नका. ट्रिगर आवडलाय म्हणता, तर तो आहे तसाच राहू द्या.

फोटो टाकणार असाल तर सीरियल नंबर झाका.

---

गोदाकाठची_नेमबाज (नाशिक)

पन्हाळवारा, पार्डिनीचा विचार तूर्त सोडून दे. ते उत्तम पिस्तूल आहे, मी स्वतः तेच वापरते. पण 25 मीटरला दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं, एअर पिस्तूलला 11.5. बाकावर टेकवून मारलं तर तुझं जीएसपी त्या 50 मिलिमीटरमध्ये निवांत राहील. गुण जातात ते आपल्या हातातून. तो फरकाचा पैसा गोळ्यांत घाल. एकच गोळी निवड, एकाच लॉटची जमेल तेवढी घे, आणि वर्षभर तीच मार. गोळी बदलली की ग्रुपची जागा बदलते, आणि मग आपण उगाच साइटचे क्लिक फिरवत बसतो.

खरं काम मुठीवर आहे. तू लिहिलेला सात वाजण्याचा शॉट उजव्या हाताच्या माणसाचा नेहमीचा आजार आहे: बोटं एकत्र आवळली जातात आणि नळी खाली डावीकडे जाते. करंगळी पोकळीत असली की ती आधाराला जास्तच आवळते. करंगळीच्या खाचेत फिलरचा पातळ थर दे, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ओल्या फिलरवर नेहमीची पकड घे, वाळू दे, मग पॉलिश पेपर. एकाच दिवशी सगळं करू नकोस. थर दे, आठवडाभर मार, मग पुढचा.

भरताना जाडीवर लक्ष ठेव. स्पर्धेआधीच्या तपासणीला पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे आणि वजन 1400 ग्रॅमच्या आत. लांबी-उंचीत कोणी अडकत नाही, तळव्याचा फुगवटा वाढवला की 50 मध्ये अडकतात. आमच्या एका मुलीला स्पर्धेच्या सकाळी कानस घेऊन बसावं लागलं होतं.

आणि मिसफायर स्पर्धेत झाला तर गोळी काढायची नाही. नळी टार्गेटकडे, दुसरा हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत तसंच उभं राहायचं. स्वतः बोल्ट ओढलास तर ती सिरीज (पाच गोळ्यांची फेरी) पुन्हा मारायचा हक्क गेला.

तू तर नेमबाज राही सरनोबतच्या गावची. 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बंगला तिने शूट-ऑफमध्ये सोनं घेतलं, ते याच 25 मीटरला. त्या गावात .22 घेऊन उभं राहायला हट्ट लागतोच, तो सोडू नकोस.

---

पन्हाळवारा (कोल्हापूर)

काका, चोर सापडला! बोल्ट काढून गोळी सोडली तर कडेजवळ येऊन अडली, अंगठ्याने दाबल्यावरच टेकली. ब्रश फिरवल्यावर पहिले पॅच डांबरासारखे काळे निघाले, आणि एक्स्ट्रॅक्टरखालून एवढा गाळ आला की खाली अंथरलेला कागद बदलावा लागला. त्यानंतर पूर्ण 60 शॉटचा सराव केला, एकही मिसफायर नाही. पिनची खूण आता खोल आणि चौकोनी दिसते.

बफरला एका कोपऱ्यात बारीक चीर आहे. तो परवानाधारक विक्रेत्याकडे मागवायला सांगितलाय, येईपर्यंत फक्त कोरडा (गोळीविना) सराव. त्यासाठी चेंबरमध्ये वापरलेली केस घालते, म्हणजे पिन काठावर आदळत नाही. मावसभावाला फोन झाला. तो आता फक्त चॉकलेट आणणार आहे.

नेकारकाठचा, 1992 वाचून आनंद झाला. आधीच्या मालकांना फोन करून सांगितलं, त्यांनाही त्या अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता.

गोदाकाठची, करंगळीचा पहिला थर वाळतोय. मुठीची जाडी व्हर्नियरने मोजली, सगळ्यात फुगीर जागी 47 भरली. म्हणजे तळव्याला हात लावायचा नाही, फक्त खाच भरायची. बालेवाडीच्या पुढच्या स्पर्धेत नाव देतेय, स्टँडर्ड पिस्तूल आणि 25 मीटर पिस्तूल दोन्हीत.